मूठभर हिरड्यांचं नाव

माझ्या थोरल्या भावानं मला फसवलं. बाप गेला त्याच्या बाराव्या दिवशी, साऱ्या गावासमोर, मी त्या घरचा नाहीच असं त्यानं सांगितलं आणि पुरावा म्हणून माझंच नाव पुढं केलं. आपण सांगतोय ते खोटं आहे, हे त्याला सांगतानाही माहीत होतं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. तो भर ओसरून बरीच वर्षं झाली. हल्ली राग आला तरी आधी खाली बसावं लागतं.

माझं नाव हिरडू. सुप्याच्या, म्हणजे आमच्या जोयड्याकडच्या, मुलखाबाहेरच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो दोनदा विचारतो. बेळगावच्या एका अडत्यानं तर विचारलं होतं, "हे नाव की माल?" मी म्हटलं, "दोन्ही. माल स्वस्तात मिळेल, नाव नाही." तो हसला आणि त्या दिवशी सौदा माझ्या भावात झाला. म्हणजे नावाचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही.

हिरडा आमच्या रानात मुबलक. पावसाळा सरला की झाडाखाली हिरवट पिवळी फळं पडतात, ती वेचून उन्हात वाळवायची. वाळली की लाकडासारखी टणक होतात. चामडं कमवायला, रंगाला, शाईला लागतात म्हणून ती गाड्या भरभरून कॅसलरॉकच्या स्टेशनात जातात. घरात मात्र हिरडा लागतो तो पोराच्या गुटीत. सहाणेवर दोन वेढे उगाळायचा आणि बोटानं चाटवायचा. पोर तोंड वाकडं करतं. चव तुरट, जीभ आखडणारी. असल्या वस्तूचं नाव पोटच्या पोराला कोण हौसेनं ठेवील? कोणी ठेवत नाही. ते ठेवावं लागतं.

आमच्याकडची रीत अशी. एखाद्या बाईची मुलं जगत नसली, तर पुढचं मूल ती विकते. खरोखर विकते. पाचव्या दिवशी मूल मागच्या दारी केराच्या ढिगाशेजारी सुपात ठेवायचं. दुसऱ्या वाड्यातली, म्हणजे दुसऱ्या वस्तीतली, जिची मुलं जगली आहेत अशी बाई रानवाटेनं येते आणि विचारते, काही विकायचं आहे का. आईनं आपल्याच मुलाला नावं ठेवायची. बाईनं मूठभर काहीतरी पदरात टाकायचं आणि मूल उचलायचं. त्या मुठीत जे असेल ते मुलाचं नाव. कोंडा असेल तर कोंडू, आणि कोंडू गावोगाव आहेत. कण्या, नाचणी, चिंचोके, जे हाताला लागेल ते. हिरडे मात्र कोणी सहसा देत नाही, कारण ते कडक, आणि घरात उगाळण्यापुरतेच ठेवलेले असतात. म्हणून हे नाव कमी.

माझ्या आधी दोन गेले होते. भाऊ सगळ्यांत मोठा, तो जगला, मग दोन गेले, मग मी. मला घेतलं ते डोंगराच्या कुशीतल्या वाड्यावरच्या एका बाईनं. हिरडे वेचणं हेच तिचं काम, म्हणून तिच्या मुठीत हिरडेच होते. हा सौदा तिनं मला इतक्या वेळा सांगितला आहे की मी स्वतः शुद्धीवर राहून ऐकल्यासारखा वाटतो.

"मी इचारलं, काय हाय का गे इकायला? तुझी आवय म्हणाली, हाय एक. पन किडकं हाय. टिकंल असं वाटत न्हाई. मी म्हटलं, बघू तरी. बघितलं तर खरंच किडकं व्हतास! माकडाच्या पिलागत. मी म्हटलं, ह्याला मूठभर हिरडं लई झालं. आवय म्हणाली, ने बाई, ने, नजरंसमोरनं ने. आणि तोंड फिरवून रडली."

ह्या रीतीचा दुसरा अर्धा भाग आहे आणि माझं सगळं भांडण त्या अर्ध्यासाठी आहे. मूल एक वर्ष तगलं की जावळाच्या वेळी आई ते परत विकत घेते. ह्या वेळी मागचं दार नाही. पुढच्या दारानं, नव्या सुपात तांदूळ, नारळ आणि चोळीचा खण घेऊन जायचं, ते त्या बाईला द्यायचं, मूल घ्यायचं आणि आपल्या उंबऱ्याच्या आत आणून त्याच्या कानात घरचं नाव सांगायचं. आज्याचं, पणज्याचं, जे कुळात चालत आलं असेल ते. विकतचं नाव हाक मारायला राहतं, घरचं नाव कुळाला. दोन्ही वेळा पुरुषमाणसानं तिथं थांबायचं नसतं. मृत्यूला फसवायचं काम बायकांचं, असं आमच्याकडे समजतात.

मला घरचं नाव नाही.

लहानपणी ह्याचं काही वाटलं नाही. आई मी सहा वर्षांचा असताना तापानं गेली. भाऊ भांडणात "ए इकतच्या" म्हणायचा आणि मी त्याला दगड मारायचो. दोघंही ते विसरून जेवायला एका पानावर बसायचो. बाप बोलायचा कमी. भात लावायचा, जंगल खात्याच्या कामावर ओंडके ओढायचा आणि घरी येऊन निजायचा.

मी चौदाव्या वर्षी घर सोडलं. शेत दोघांना पुरण्यासारखं नव्हतं, हे मला कोणी न सांगता कळत होतं. आधी वेचणाऱ्यांबरोबर वेचलं, मग ठेकेदाराच्या गाडीवर हमाली केली, मग त्याच ठेकेदाराला सांगितलं की वाड्यावाड्यातून माल मी गोळा करून देतो, तू फक्त स्टेशनात उभा राहा. तो बसून खाणारा माणूस होता, त्याला पटलं. दहा वर्षांत जोयड्यात माझं दुकान झालं. मीठ, गूळ, तंबाखू, कापड द्यायचं आणि हिरडा, शिकेकाई, मध घ्यायचं. ह्यात कुणाची कृपा नाही. माझी जीभ आणि माझे पाय, एवढंच भांडवल. जीभ फार तिखट होती, हे मला मान्य आहे.

ह्या फिरण्यात मला माझ्या नावाचा दुसरा माणूस भेटला. कॅसलरॉकच्या स्टेशनात पोती उचलणारा हमाल, माझ्यापेक्षा थोराड. कोणीतरी "हिरडू" अशी हाक मारली आणि आम्ही दोघांनी मान वळवली. मग त्यानं पोतं खाली ठेवलं आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"तूबी मुठीतला?"

"व्हय."

"किती गेलं व्हतं तुझ्याआधी?"

"दोन."

"माझ्याआधी चार," तो म्हणाला, जणू त्यात तो माझ्यावर वरचढ होता. मग त्यानं आपलं घरचं नाव सांगितलं. रेल्वेच्या पुस्तकात तेच लिहिलं होतं, पण त्या नावानं हाक मारली तर आपण ओळखही दाखवणार नाही, असं म्हणून हसला. "तुझं काय?"

मी सांगितलं, नाही. त्याचं हसू गेलं. "असं कसं? मग तुला सोडवलंच न्हाई की काय?"

त्या फेरीला मी वाट वाकडी करून घरी गेलो आणि बापाला विचारलं. तो कोयता घासत होता. "तुझ्या आवयला ठावं," म्हणाला. आई जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. मी आणखी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तू माझ्या घरात जेवलास, माझ्या खांद्यावर बसलास. आणि काय पायजे?" मला तेवढं पुरलं. तेव्हाच हट्ट धरून चार माणसांसमोर कानात नाव सांगून घ्यायला हवं होतं. धंद्यात एवढा गाफील मी कधी राहिलो नाही.

मग मानमोडीचा ताप आला. ते वर्ष ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. वाड्यांतून चुली पेटेनाशा झाल्या. माझा बाप त्यातच गेला. खबर मिळाली तशी मी चालत घरी पोचलो, तिरडीला खांदा दिला, आणि बाराव्या दिवशी विधीला बसायला म्हणून अंघोळ करून ओल्या पंच्यानं अंगणात आलो. तिथं पाट एकच मांडला होता.

मी भावाला म्हटलं, "अण्णा, दुसरा पाट?"

तो भटाकडं बघत म्हणाला, "एकच लागतो."

"मी कुठं बसू?"

"तू बस की तिथं, मंडळींत. जेवायला थांब." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं: "ह्याला आवयनं इकला व्हता. साऱ्या गावाला ठावं हाय. सोडवून आणला असता तर घरचं नाव नसतं का? इचारा त्याला, काय तुझं घरचं नाव. सांग की!"

भट माझ्याकडं बघत राहिला. गावचे तीन मानकरी बसले होते, तेही बघत राहिले. मला सांगता येईना. ज्यानं हजार माणसांना बोलण्यात हरवलं त्याला एक शब्द सापडेना. आणि शब्द सापडला नाही म्हणून मी पाय वापरला. पाटासमोरच्या पत्रावळीला लाथ मारली. भात अंगणभर झाला. बापाच्या पिंडाचा भात.

ते मी करायला नको होतं. तेवढ्या एका गोष्टीनं अर्धं गाव त्याच्याकडं झालं. "रक्ताचा असता तर असं केलं असतं का," हे मी पुढं कितीतरी तोंडांतून ऐकलं.

त्यानं असं का केलं? शेतासाठी. मी दुकानदार, हुशार, उद्या अर्धं मागीन, अशी त्याला भीती. मी कधी मागितलं नव्हतं आणि मागणारही नव्हतो. तो सरळ म्हणाला असता, "हिरडू, शेत मला राहू दे," तर मी तिथल्या तिथं होय म्हटलं असतं. मला पाट हवा होता. वर्षातून एकदा बापाच्या नावानं पान ठेवायला त्याच्या शेजारी बसण्याचा हक्क. बाकी सगळं मी स्वतः मिळवलं होतं, आणि हेच एक स्वतः मिळवता येण्यासारखं नव्हतं.

मी डोंगरावर, मला मुठीवर घेतलेल्या त्या म्हातारीकडं गेलो. ती तापातून वाचली होती, पण वाळली होती. अंगणात हिरडे पसरून काठीनं उलथत होती. दरवर्षी तिचा माल मीच घ्यायचो.

"भाव सांगायला आलास?" तिनं वर न बघता विचारलं.

"न्हाई मावशी. एक इचारायला आलोय."

"मावशी!" ती काठी टेकून सरळ झाली. "इतकी वर्षं म्हातारे, म्हातारे. माल ओला हाय म्हातारे, खडं निघालं म्हातारे. मी तुला मूठभर हिरड्यांवर घेतला, आणि तू माझं पोतंभर हिरडं मूठभर मिठावर नेतोस. आज मावशी?"

खरं होतं. मी इतरांना जसा भाव पाडून मागायचो तसा तिलाही मागायचो. धंद्यात आपला परका करायचा नाही, ह्याचा मला अभिमान होता.

मी बाराव्याचं सगळं सांगितलं. लाथेचंही सांगितलं. तिनं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुझी आवय आलती. पुढच्या दारानं. नवं सूप, तांदूळ, खण. मी तुला दिला. म्हटलं, आता घरी जा आणि नाव सांग. ती म्हणाली, इतक्यात न्हाई अक्का. घरचं नाव कानात सांगितलं की त्याला कळंल ना, की हा आमचाच. अजून थोडा मोठा हुंदे. चालायला लागलास तरी न्हाई सांगितलं. बोलायला लागलास तरी न्हाई. दर बारीला म्हणायची, पुढच्या सालाला. तिला भ्या वाटायचं."

"कुणाचं?"

"यमाचं रे, आणि कुणाचं!"

अशी चूक आमच्याच मुलखात होऊ शकते. आईनं मला सोडवून आणलं, पण यमाला पत्ता लागू नये म्हणून नाव सांगितलं नाही, आणि शेवटी तो तिलाच घेऊन गेला. मी त्या अंगणात बसलो.

"कुणी बघितलं व्हतं, मावशी? तुम्हा दोघींबिगार?"

"तिच्या एका कडंवर सूप. तुला नेताना हात नको का मोकळा? नारळ धरायला थोरल्याला आणलं व्हतं. सात-आठ वर्साचा आसंल. वाटेत नारळ पाडला म्हणून तिनं त्याला धपाटा घातला, तर माझ्या दारात भोकाड पसरून बसला. मी गूळ दिला तेव्हा गप झाला."

म्हणजे त्याला माहीत होतं. सात-आठ वर्षांचं पोर धपाटा विसरत नाही आणि गूळही विसरत नाही.

मी मानकऱ्यांना निवाड्यासाठी देवळात जमवलं आणि म्हातारी तिथं आली. मी तिला डोलीतून आणवलं. वाटेत ती म्हणाली, "पयल्यांदाच माझ्यासाठी हात सैल सोडलास." मानकऱ्यांसमोर तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. भाऊ खांबाला टेकून उभा होता. मानकऱ्यांतला मोठा म्हणाला, "काय रे, खरं का?"

"मी ल्हान व्हतो. मला आठवत न्हाई."

म्हातारी म्हणाली, "गूळ आठवत न्हाई?"

लोक हसले. त्याचा चेहरा उतरला, हे मी बघितलं, आणि मला वाटलं संपलं. पण मानकरी म्हणाला, बाईचा शब्द एकीकडं, ह्याचा एकीकडं. तर ह्यानं देवाच्या पायरीवर हात ठेवून सांगावं की आठवत नाही, मग आम्ही निवाडा देऊ. भाऊ लगेच तयार झाला, फक्त म्हणाला, "मळणी होऊ दे." मळणी झाली. मग त्याच्या घरी सुतक आलं. मग बैल मेला. मग देवळाचं छप्पर उतरवलं होतं. मग मोठा मानकरीच गेला. म्हातारीही एका पावसाळ्यात गेली, आणि तिचा हात मी धरून होतो, एवढं तरी माझ्याकडून झालं. त्यानं पायरीवर हात अजून ठेवलेला नाही. खोटी शपथ घ्यायची त्याची छाती नाही आणि खरं बोलायचं त्याच्या मनात नाही, म्हणून तो वर्षं ढकलतो. मी सौदे करणारा माणूस आहे. समोरचा वेळ काढतो तेव्हा त्याच्याकडं काय नसतं, हे मला कळतं.

दरम्यान माझं नाव वाढलं. मानमोडीत इतकी मुलं गेली की त्यानंतर वाड्यावाड्यांत लोक पुन्हा मुलं विकू लागले, आणि कुणीतरी बोलून गेलं की जोयड्याचा तो दुकानदार बघा, हिरड्यांवर घेतलेला, दोन गेल्यावर जगला, आणि कसा दुकान मांडून बसलाय. बायका माझ्याकडं हिरडे मागायला येऊ लागल्या. माझ्या हातचेच हवेत म्हणायच्या. "नाव ठेवलं तर चालंल का, शेटजी?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "ठेव, पण घरचं नाव सांगायला उशीर लावू नको." आता अणशीपर्यंतच्या वाड्यांत माझ्या माहितीतले पाच हिरडू आहेत. माझ्या लहानपणी ह्या वाड्यांत मी एकटाच होतो.

पाचवा माझ्या भावाच्या घरी आहे.

त्याच्या सुनेची दोन मुलं गेली. तिसऱ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा ती स्वतः दुकानात आली, पोट सांभाळत, भर दुपारी, घरून किती लांबचं अंतर. पदर पुढं करून उभी राहिली. "काका, मूठभर द्या. ज्या बाईला घ्यायला सांगितलंय तिच्या हाती देईन."

माझ्या हातात तेव्हा तागडी होती. मी म्हटलं, "सासऱ्याला पाठव. येऊन माग म्हणावं."

"ते न्हाई येणार."

"मग?"

"मग तुम्ही न्हाई म्हणा, मी जाते."

इतकी सरळ बोलणी मला दुकानात कोणी ऐकवली नव्हती. मी मूठभर दिले. कसलीही अट घातली नाही. चांगले, किडके नसलेले, निवडून दिले. ह्या गोष्टीचा मला आजही राग येतो, आणि परत तशीच ती आली तर परत देईन, ह्याचाही येतो.

पोर जगलं. वर्षाच्या आत त्यांनी ते पुढच्या दारानं सोडवून आणलं. रीत मोडून भाऊ स्वतः अंगणात उभा होता, असं मला चार जणांनी येऊन सांगितलं. कानात नाव सांगून झाल्यावर त्यानं ते नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं उच्चारलं, पुढं कुणाला शंका नको म्हणून. ते आमच्या बापाचं नाव होतं.

मी आता थकलो आहे. मुलगे दुकान बघतात. मला ते म्हणतात, बाबा, सोडून द्या, त्या घरातलं आपल्याला काय हवंय. त्यांना त्या घरातलं काही नको आहे, कारण त्यांना त्यांच्या बापानं दिलं आहे. मला माझा बाप हवा आहे. म्हाळाच्या दिवशी मी इथं एकटा पान ठेवतो आणि मनात प्रत्येक वेळी येतं की हे ठेवायचा मला अधिकार आहे की नाही, हे एका जिवंत माणसाला ठाऊक आहे आणि तो बोलत नाही.

तेव्हा अण्णा, हे कोणी ना कोणी तुला वाचून दाखवीलच. शेत तुझं. घर तुझं. त्यावर मी पाणी सोडलं, आणि हे मुलांनाही सांगून ठेवलं आहे. मला फक्त उत्तर पाहिजे. ज्या मुलाला तू मूठभर हिरड्यांवर विकू दिलंस आणि ज्याला आज मांडीवर घेऊन बसतोस, ते तुझ्या कुळाचं आहे की नाही? असेल, तर मी कोणाचा? देवळाला आता छप्पर आहे, मळणी झाली आहे, घरात सुतक नाही, मी चौकशी केली आहे. येत्या सोमवारी मी पायरीपाशी येऊन बसतो. तू ये आणि सगळ्यांसमोर सांग.